ओल्या कड्यावरचा शुक्रवार

"दगड!" मी ओरडलो, पण तोवर तो माझ्या पायाखालून सुटून निम्म्या वाटेवर पोचला होता.

खाली परकारभाई कड्याला पाठ लावून चिकटले. नारळाएवढा तो दगड त्यांच्यापासून हातभर अंतरावर आपटला. त्याचे तुकडे झाले नाहीत. पोत्याला भोक पडावं तशी नुसती तांबडी वाळू पसरली.

"लागलं का?" मी विचारलं.

"मला नाय. तुझं बोल."

"मी ठीक आहे. वर पोचलो."

पोचलो होतो हे खरं. जमिनीपासून ऐंशी-पंच्याऐंशी फुटांवर, घरापुढच्या ओट्याएवढ्या एका सपाटीवर मी पोटावर आडवा पडलो होतो. सपाटीच्या खालचा सात-आठ फुटांचा कडा भिंतीसारखा गुळगुळीत होता. त्यात पाऊल मावेल असा एकच दगड पुढे आलेला होता आणि त्याच्यावर जोर देऊनच मी शेवटचा रेटा घेतला होता. आता डोकं बाहेर काढून पाहिलं तर त्याच्या जागी ओलसर, गडद रंगाची खळगी होती. सपाटीच्या वर कडा पुढे झुकलेला होता. डावीकडे ती दहा पावलांवर संपत होती. उजवीकडे कड्याला कोपरा होता आणि कोपऱ्यापाशी नुसतं आभाळ दिसत होतं.

ही शहाण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मूळचा सटाण्याकडचा. नाशकात डिप्लोमा करताना गिर्यारोहणाचा नाद लागला आणि दर रविवारी अंजनेरीच्या कड्यांवर दोर घेऊन लोंबकळू लागलो. पुढे वडिलांच्या खटपटीने लागलेली सरकारी नोकरी सोडून सौदीला गेलो. तबूकच्या पश्चिमेला वाळवंटातून एक रस्ता व्हायचा होता, त्याच्या सर्व्हेवर. "चार महिन्यांत तोंड काळं करून परत येशील," एवढं बोलून वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

तिथे गेल्या गेल्या कंपनीने पासपोर्ट काढून घेतले. छावणीबाहेर जायचं तर परवानगी लागे आणि ती कामाशिवाय मिळत नसे. पत्र्याच्या खोलीत आम्ही सातजण होतो. चौदा महिने मी थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून ते कडे पाहत होतो. वाळूच्या दगडाचे तांबडे, उभे, आमच्या सह्याद्रीतल्यासारखेच सरळसोट कडे, आणि त्यांच्या पलीकडे मैलच्या मैल पसरलेला काळा दगड. कधीकाळी ज्वालामुखीतून वाहून थिजलेला. तिथले लोक त्याला हर्रा म्हणत.

परकारभाई छावणीचे स्टोअरकीपर. वय सत्तेचाळीस. बाणकोटच्या खाडीकाठचे. चौदा वर्षं त्याच कंपनीत होते आणि सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या त्यांच्या ताब्यात असत. सगळ्या छावणीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच, त्यामुळे माझं रडगाणं ऐकायला तेच. त्यांच्या घरी तेव्हा आनंद होता. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला, मैमूनाभाभींना, एकदाही तिकडे आणलं नव्हतं. त्या रमजानमध्ये तिला मक्केला नेऊन उमरा करवायचा असं त्यांनी ठरवलं होतं. व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागतं. दोन वर्षं मागे लागल्यावर मॅनेजरने ते द्यायचं कबूल केलं होतं. पंधरा दिवसांत पत्र, महिन्याभरात भाभी, असा त्यांचा बेत.

मी त्यांना एकच गोष्ट मागत होतो. एका शुक्रवारी पिकअप काढा, मला कड्यापाशी न्या, खालून दोर धरा. दोर आणि मेखा मी नाशकाहून बॅगेच्या तळाशी घालून आणल्याच होत्या.

"मंगळवारी पाऊस झालाय," ते निघायच्या सकाळी म्हणाले होते. "शेळ्या घेऊन छावणीत पाण्याला येतात ते बदू काय सांगतात ठाऊक आहे? पाऊस पडला की चार दिवस शेळीसुद्धा त्या कड्यावर चढत नाही."

"परकारभाई, आमच्याकडे आम्ही भर पावसात चढतो."

"तुमच्याकडचा दगड वेगळा."

"दगड तो दगड."

त्यांनी मान हलवली आणि किल्ली घेतली. "पण जुम्म्याच्या नमाजाला मी छावणीत पाहिजे. काय?"

तर असा तो शुक्रवार. सकाळचे साडेनऊ.

वर चढताना मी तीन मेखा ठोकल्या होत्या. आमच्या काळ्या दगडात मेख शिरते तेव्हा हातोडीचा आवाज प्रत्येक ठोक्याला चढत जातो; शेवटी घंटेसारखा वाजतो. इथे आवाज थप्प थप्प असाच येत राहिला होता, आणि मी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता मी दोराला हलका हिसका दिला. वरची मेख निघाली. दुसऱ्या हिसक्याला मधली आणि खालची. चिखलातून काडी निघावी तशी. तिन्ही दोरावरून घरंगळत परकारभाईंच्या पायाशी गेल्या.

"हे काय खाली येतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. मेखा."

"मग आता तू उतरणार कसा?"

"थांबा जरा. इथे वर दुसरी ठोकतो आणि दोरावरून उतरतो."

माझ्याकडे तीन मेखा उरल्या होत्या. सपाटीच्या मागच्या भेगेत पहिली ठोकली, मग दोन्ही हातांनी धरून ओढली. ती आली, आणि तिच्याबरोबर ओंजळभर वाळू आली. दुसरी आणखी खोल ठोकली. तर भेगेची कडच फुटली. तिसरी मी ठोकलीच नाही. हातात घेऊन बसलो.

"काय झालं?"

"दगड ओला आहे. उन्हाने वाळला की धरेल."

"किती वेळ?"

"दोन तास. तीन."

परकारभाईंनी घड्याळ पाहिलं, बाटलीतल्या पाण्याने हात-तोंड धुतलं आणि सावलीला चटई टाकून दुवा मागत बसले. जुम्म्याला आता पोचता येणार नव्हतं, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं. मग उठून ते गाडीच्या टपावर चढले, म्हणजे मला नीट दिसू लागले.

"खैरनार, मी छावणीत जाऊन माणसं आणतो."

"नको!"

"ऐक माझं."

"परकारभाई, छावणीत कळलं तर मला पहिल्या विमानाने घरी पाठवतील."

"पाठवू देत. जिवंत जाशील."

"आणि तुम्हाला? गाडी कोणी काढली ते विचारणार नाहीत? तुमचं पत्र मिळेल का मग? भाभींचं काय?"

हे मी मुद्दाम म्हणालो होतो. त्यांना थांबवायला माझ्या हातात तेवढंच होतं. ते लागलंही. ते टपावरून खाली उतरले आणि चाकाला टेकून बसले.

ऊन चढलं. जानेवारीचं ऊन, अंगाला गरम लागलं तरी कड्याच्या आत पोचत नव्हतं. मी दर थोड्या वेळाने भेगेत बोट घालून पाहत होतो. आत गारच. माझं पाणी खाली गाडीत होतं. दोराने बाटली वर घेता येईल हे बाराच्या सुमाराला सुचलं. परकारभाईंनी बाटली बांधली आणि मी ओढायला लागलो, तर दोर ज्या कडेवरून घासत होता ती कड सुटली. वीतभर रुंदीचा, हात-दीड हात लांबीचा पट्टा आवाज न करता गेला. मी मागे सरकलो तेव्हा माझा एक गुडघा हवेत होता.

बाटली आली. पाणी प्यालो. पण त्यानंतर मी कडेकडे गेलो नाही. पाठ मागच्या दगडाला लावून, पाय पोटाशी घेऊन बसलो. माझी जागा आता ओट्याएवढीही राहिली नव्हती. हललो की आणखी कमी होईल असं वाटायचं. खोकायचीसुद्धा भीती वाटत होती. चौदा महिने मी छावणीला तुरुंग म्हणत होतो. तिथे निदान पाय लांब करून झोपता येत होतं.

"परकारभाई!" मी हाक मारली. आता मला सांगायचं होतं की जा, आणा कोणाला तरी, पाठवू देत घरी.

उत्तराऐवजी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी मान लांबवून पाहिलं. पिकअप वळली. छावणीचा रस्ता पूर्वेला होता. गाडी पश्चिमेला चालली होती. सरळ हर्ऱ्याच्या दिशेने, जिकडे रस्ता नाही, गाव नाही, काही नाही. मी ओरडत राहिलो. धुळीचा लोट काळ्या दगडाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथे दिसेनासा झाला.

त्या माणसाला मी काय काय म्हणालो ते आज सांगायलाही जड जातं. मला वाटलं, पत्राचं नाव काढलं आणि हा घाबरला. आता लांबून वळसा घालून छावणीत जाईल, किल्ली जागेवर टांगेल आणि सांगेल की खैरनार कुठे गेला मला काय ठाऊक. मी त्यांना शिव्या दिल्या. त्यांच्या जातीला, गावाला, त्यांच्या नमाजाला. कोणी ऐकणारं नव्हतं, म्हणून मोठ्याने दिल्या. मग घसा बसला, आणि मी रडलो.

चार वाजून गेले होते. ऊन कड्यावरून सरकलं आणि गार वारा सुटला. तेव्हा उजवीकडच्या कोपऱ्याआडून खोकण्याचा आवाज आला.

मला भास वाटला. मग कोपऱ्याच्या दगडावर एक हात दिसला. काळपट, नखं तुटलेला. हातामागोमाग पांढरी दाढी आणि डोक्याला गुंडाळलेलं लाल चौकडीचं फडकं. स्वयंपाकघरातून पडवीत यावं तसा तो म्हातारा सपाटीवर आला. अनवाणी. माझ्याकडे पाहण्याआधी त्याने कड्यावर तळवा ठेवला आणि माझ्यावर खेकसला, "मतर! मतर!" पाऊस, पाऊस.

कोपऱ्याच्या पलीकडून परकारभाईंचा आवाज आला. "खैरनार, हा सालेम. तो सांगेल तसं कर. शहाणपणा करू नको."

"तुम्ही कुठे आहात?"

"इथेच. मागे घळ आहे. शिकारीला जायची यांची जुनी वाट आहे."

दिवसभर मी ज्या वाटेपासून बारा फुटांवर बसलो होतो, ती त्या कोपऱ्याआड होती. पण तिथे जायला कोपऱ्याला पोट लावून, डावा पाय न दिसणाऱ्या जागेवर टाकावा लागत होता. सालेमने माझं मनगट धरलं. मी पाय उचललाच नाही.

"मला जमणार नाही," मी मराठीत म्हणालो.

"जमेल," पलीकडून परकारभाई म्हणाले. "पाय टाक. खाली माझा हात आहे. तुझा पाय मी धरतो."

मी डोळे मिटले आणि पाय टाकला. घोट्याला पाच बोटांची पकड बसली. ती सुटली तेव्हा मी घळीत होतो, आणि परकारभाई माझ्यासमोर गुडघ्यावर बसून धापा टाकत होते. त्यांच्या पँटचे दोन्ही पाय फाटले होते. तळहात सोलले होते.

उतरताना सगळं कळलं. छावणीत गेलो तर पत्र जाईल, आणि छावणीत कड्यावर चढणारं कोणी नव्हतंच, असा त्यांनी विचार केला होता. पाण्याला येणाऱ्या बदूंचे तंबू हर्ऱ्याच्या पलीकडे असतात एवढं त्यांना ऐकून ठाऊक होतं. म्हणून ते तिकडे निघाले. त्या काळ्या दगडांच्या धारांनी अर्ध्या तासात दोन टायर फाडले आणि इंजिनाखालची तेलाची टाकी फोडली. तिथून पुढे ते दीड तास दगडांवरून चालत सालेमच्या तंबूपर्यंत गेले होते.

सालेमच्या खटाऱ्यातून आम्ही परत निघालो. मी अजून आभारसुद्धा मानले नव्हते. बोलले ते परकारभाईच.

"गाडीचं आता लपणार नाही. उद्या मॅनेजर बोलावेल. तू बोलायचं नाही. गाडी मी काढली, मला हर्रा बघायचा होता, तुला मी सोबत नेलं. कळलं?"

"पण परकारभाई…"

"तू नवा आहेस. तुला ते एका दिवसात काढतील. मला चौदा वर्षं झाली. शिव्या देतील, आठ दिवस तोंड फुगवतील, झालं. मला ओळखतात ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने दोघांना बोलावलं. परकारभाईंनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे खरं आहे?"

"हो," मी म्हणालो.

मॅनेजरने परकारभाईंना शिव्या दिल्या नाहीत. तोंडही फुगवलं नाही. त्याने खण उघडला, परकारभाईंचा पासपोर्ट काढला आणि कारकुनाला सांगितलं, फायनल एक्झिट. म्हणजे नोकरी संपली, कायमचं घरी.

कागद व्हायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत ऑफिसचं दार माझ्या खोलीपासून साठ पावलांवर होतं. रोज सकाळी मी आज सांगायचं असं ठरवायचो. रोज दारापर्यंत जायचो. एकदा तर मॅनेजरने आतून विचारलंही, "काय आहे?" मी म्हणालो, "सर्व्हेचे कागद द्यायचे होते." मला वडिलांचं वाक्य आठवत होतं. परकारभाई मला एका शब्दाने काही म्हणाले नाहीत. निघताना मी त्यांची ट्रंक गाडीत चढवली. "तब्येतीला जप," ते म्हणाले. "आणि पावसात चढू नको रे बाबा."

मी तिथे आणखी सहा वर्षं राहिलो. रस्ता पूर्ण झाला. वडील माझ्याशी बोलू लागले. मला बढती मिळाली.

दोन हजार पंधरा साली मी त्यांच्या गावी गेलो. का तेव्हाच गेलो याला काही चांगलं कारण नाही. आधी धीर झाला नव्हता एवढंच. खाडीकाठी विचारत विचारत घर सापडलं. परकारभाई दोन वर्षांपूर्वी वारले होते. मैमूनाभाभींनी मला पडवीत खुर्ची दिली, नारळपाणी आणून ठेवलं आणि मी त्यांच्यासोबत काम करत होतो म्हटल्यावर डोक्यावरचा पदर सारखा करत समोर बसल्या.

"मग तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात तिथे. असं काय झालं होतं त्यांना?"

"म्हणजे?"

"माझ्या उमऱ्याला एक महिना राहिला होता. मी कपडे शिवले होते. सगळ्या गावाला सांगून झालं होतं. आणि हे ट्रंक घेऊन दारात उभे. विचारलं तर म्हणाले, कंटाळा आला, सोडून आलो. एक महिना थांबता आलं नाही या माणसाला? पुढे दुकान टाकलं, ते चाललं नाही. मग माझे गुडघे गेले. आता तर डॉक्टर विमानातच बसू देत नाहीत." त्यांनी नारळपाणी माझ्याकडे सरकवलं. "मी त्यांना कधी सुखाने जेवू दिलं नाही हो. पानावर बसले की मला ते आठवायचं आणि मी बोलायची. ते खाली मान घालून ऐकायचे."

मग मी सांगितलं. त्यांनी नोकरी सोडली नव्हती. त्यांना काढलं होतं. माझ्यामुळे. मॅनेजरने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि नंतर चार दिवस मिळाले तरी खरं सांगितलं नाही.

भाभी माझ्यावर ओरडतील, घालवून देतील, असं मला वाटत होतं. खरं तर मी त्याचसाठी आलो होतो.

"सतरा वर्षं," त्या म्हणाल्या. "सतरा वर्षं मी त्या माणसाला टोचून बोलले. आता मी कोणाला सांगू?"

मी उठलो.

"बसा," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, पण त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "असे जाऊ नका. तुम्ही दोघं सकाळी किती वाजता निघालात? त्यांच्या अंगावर काय होतं? ते काय बोलले? सगळं सांगा. पहिल्यापासून."

मी बसलो आणि सांगायला लागलो. सकाळच्या चहापासून. काही गाळलं नाही. कड्यावरून मी त्यांना ज्या शिव्या दिल्या होत्या, त्याही सांगितल्या.